दिवा आणि हीटर एकाच बर्नरवर : रॉकेल की स्पिरिट, आणि टाकी नेमकी कुठे?

चिमणी_कंदील
नमस्कार मंडळी, वीज गेली की वर्कशॉपमध्ये उजेड आणि थोडी ऊब मिळावी म्हणून एक छोटा बर्नर स्वतः बनवायचं डोक्यात आहे. उष्णता साधारण १ किलोवॅट पुरे. स्केच असं आहे की खाली पितळी टाकी, टाकीच्या झाकणातूनच वातीची नळी वर आलेली, वर काच, आणि हीटर म्हणून वापरायचं तर काच काढून त्या जागी जाळीचा घुमट बसवायचा. टाकी लहान आहे म्हणून बाजूला एक उलटी बाटली लावणार, पातळी खाली गेली की बाटलीतून आपोआप इंधन उतरेल, पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यात उतरतं तसं. इंधन ठरलेलं नाही. स्पिरिट स्वच्छ जळतं, काजळी नाही, म्हणून मन तिकडे ओढतंय. लेथ आणि ब्रेझिंगचा (पितळेसारखा धातू वितळवून सांधे जोडायचा) सेट आहे, हात चालतो. कुठे घोळ होऊ शकतो ते आधीच सांगा, बनवल्यावर नको.

भट्टीकर
आधी विचारलंत हे बरं झालं. एक सांगतो, जरा कडक वाटेल, पण ज्योतीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि टाकीपासून सुरुवात करा. ज्योत कशीही असली तरी वात वरखाली करून, हवा कमीजास्त करून जमवता येते. टाकी गरम व्हायला लागली तर मात्र पुढचं तुमच्या हातात राहत नाही. टाकी तापली की वाफ वाढते आणि तेल पातळ होऊन वातीतून जास्त चढतं, मग ज्योत मोठी होते आणि मोठी ज्योत टाकीला अजून तापवते. हे चक्र स्वतःहून थांबत नाही, त्यामुळे ते सुरूच होणार नाही अशी रचना करणं हेच खरं डिझाइन, बाकी सगळं सजावट म्हटलं तरी चालेल.

आता इंधन. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या वर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते. रॉकेलला तो कमीत कमी ३८ अंश, पेट्रोलला शून्याखाली ४० च्या आसपास, इथेनॉलला (स्पिरिट म्हणजे मुख्यतः हेच) साधारण १३ ते १७, मिथेनॉलला ११. म्हणजे साध्या खोलीत उघड्या वाटीतलं रॉकेल काडी लावली तरी सहसा लगेच पेट घेत नाही, स्पिरिट घेतं. दिव्यांसाठी शुद्ध केलेलं पॅराफिन लॅम्प ऑइल मिळतं, त्याचा फ्लॅश पॉइंट ६० च्याही पुढे असतो. नवीन माणसाने बनवायचं असेल तर माझं मत ते किंवा चांगलं कमी गंधकाचं रॉकेल. स्पिरिट पहिल्या बर्नरला नको.

झटपट_जुगाड
रॉकेल थंडीत पटकन धरत नाही, त्यात थोडं पेट्रोल घातलं की काम होतं. वातीच्या दिव्याला चालून जातं.

भट्टीकर
नाही, अजिबात नाही, आणि हे कुणी वाचून करू नये म्हणून स्पष्ट लिहितोय. "थोडं" असं काही नसतं. मिश्रणाची वाफ कशी वागणार ते त्यातला सगळ्यात उडणारा भाग ठरवतो, त्यामुळे रॉकेलमध्ये थोडंसं पेट्रोल गेलं तरी फ्लॅश पॉइंट खोलीच्या तापमानाच्या खाली येतो. दिसायला रॉकेल, वासाला रॉकेल, आणि टाकीत मात्र पेट घेणारी वाफ. आधी पेट्रोल भरलेल्या कॅनमध्ये रॉकेल आणणं हाही तोच प्रकार, तळाशी उरलेलं घोटभर पुरतं. रॉकेलचा कॅन वेगळा, त्यावर नाव, आणि दुसरं काही त्यात कधीच नाही. थंडीत धरत नसेल तर वात कापा, वाळवा, रॉकेल चांगलं मुरू द्या, धरते.

रसायनी
वरच्याला पूर्ण अनुमोदन. स्पिरिटबद्दल एक गोष्ट घालते, ती फारशी कुणी लक्षात घेत नाही.

वाफ पेटायला हवेत तिचं प्रमाण ठरावीक मर्यादेत असावं लागतं. पेट्रोलसाठी ते साधारण १.४ ते ७.६ टक्के, रॉकेलसाठी ०.७ ते ५, इथेनॉलसाठी ३.३ ते १९, मिथेनॉलसाठी ६ ते ३६. आता बंद टाकीत, अर्धी रिकामी, खोलीचं तापमान २० अंश. रॉकेलची वाफ इतकी कमी की पेटायला पुरत नाही. पेट्रोलची इतकी जास्त की टाकीच्या आत हवाच कमी पडते, म्हणून आत सहसा पेट घेत नाही, बाहेर आली की घेते. आणि इथेनॉल? त्याचा बाष्पदाब २० अंशाला जवळपास ६ किलोपास्कल आहे, म्हणजे टाकीतल्या हवेत सुमारे ६ टक्के वाफ. बरोब्बर मधोमध. स्पिरिटची अर्धी रिकामी टाकी किंवा बाटली आतल्या आत स्फोट व्हायला तयार असते, फक्त ठिणगी आत पोचायला हवी. लोक म्हणतात पेट्रोलपेक्षा स्पिरिट सौम्य, पण बाटलीच्या आतल्या बाबतीत ते उलटं आहे.

शिवाय दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत नीट दिसत नाही. विझली समजून वरून ओतायला जातात आणि ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. मग बाटलीच्या तोंडातून आगीचा झोत बाहेर येतो, आणि तो ओतणाऱ्यावर जाण्यापेक्षा समोर बसलेल्यावर जाण्याची शक्यता जास्त, कारण बाटलीचं तोंड तिकडे असतं. असे अपघात इतके झाले की अमेरिकेत २०२० साली इंधनाच्या कॅनच्या तोंडाशी ज्योतरोधक असावा म्हणून वेगळा कायदा आला. मिथेनॉल तर विषारीही आहे, त्वचेतूनही शरीरात जातं, त्याच्या वाटेला जाऊच नका.

चिमणी_कंदील
बापरे, स्पिरिट रद्द. लॅम्प ऑइल किंवा रॉकेल. पण मग उलटी बाटली चालेल ना? रॉकेलच्या हीटरमध्ये तसंच असतं बघितलंय.

रसायनी
असतं, पण त्या हीटरमध्ये बाटली आगीपासून लांब, पत्र्याच्या आड असते, आणि खाली जास्तीचं तेल मावेल इतकं भांडं असतं. कारण सांगते. बाटलीत तेलाच्या वर अडकलेली हवा असते. ती तापली की फुगते आणि तेवढं तेल खाली ढकलते, पातळी कितीही असो. समजा ४ लिटरची बाटली अर्धी झालीय, आत २ लिटर हवा. ती १० अंशांनी तापली तर हवा साधारण ३.४ टक्के फुगते, म्हणजे जवळपास ७० मिली रॉकेल जास्तीचं खाली उतरणार. इथेनॉल असतं तर वाफेचा वाढलेला दाब धरून हाच आकडा १७० मिलीच्या आसपास जातो. तुमची टाकी वातीच्या नळीपर्यंत भरलेली असेल तर हे ७० मिली कुठे जाणार? जिथे ज्योत आहे तिथेच. दिवा चालू असताना बाटलीवर ऊन आलं, किंवा हीटरची ऊब बाटलीला लागली की हे होतं.

तर एकतर बाटली नकोच, नाहीतर खालच्या भांड्यात पातळीच्या वर निदान एवढी रिकामी जागा ठेवा आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्र्याचा आडपडदा द्या.

भट्टीकर
बाटली नकोच म्हणतो मी. हिशोब करा. १ किलोवॅट म्हणजे तासाला ३.६ मेगाजूल. रॉकेलमधून लिटरला जवळपास ३५ मेगाजूल मिळतात, म्हणजे तासाला १०० मिलीच्या थोडं वर. एक लिटरच्या टाकीत नऊ-साडेनऊ तास. बाटलीची गरजच नाही. आणि साधा कंदील तासाला २० मिलीच्या आसपास पितो, तोही २०० वॅट ऊब देतोच, हे विसरू नका. टाकी कधीच काठोकाठ भरू नका, दहा टक्के तरी रिकामी, कारण तेल स्वतःही दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं.

पितळी
बनवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. झाकणातूनच नळी हे स्केचमधलं सगळ्यात कमजोर ठिकाण आहे. तुम्ही पितळेची जाड नळी घेणार असाल तर ती उष्णता थेट टाकीत नेते, पितळेची वाहकता स्टेनलेसच्या सातपट तरी आहे. मान स्टेनलेसच्या पातळ नळीची करा, बर्नरचं डोकं पितळेचं चालेल. डोकं आणि टाकी यांच्यामध्ये निदान चार-पाच सेंमी मोकळी हवा, मध्ये एक चकचकीत पत्रा आडवा, पण पत्र्याला टाकीशी जोडू नका, छोट्या पायांवर अधांतरी ठेवा. ज्योतीला लागणारी ताजी हवा त्याच फटीतून ओढली जाईल असं केलंत तर ती हवाच टाकीला गार ठेवते. जुन्या कंदिलाची टाकी ज्योतीच्या अगदी खाली असूनही गार का राहते, त्याचं अर्धं उत्तर हे आहे.

वात नळीत घट्ट बसली पाहिजे. सैल असली की बाजूच्या फटीतून वाफ वर येते आणि फट मोठी असेल तर ज्योत आत उतरू शकते. हायड्रोकार्बनच्या ज्योतीला साधारण २ मिमी पेक्षा अरुंद फटीतून सहसा जाता येत नाही, भिंती तिची उष्णता शोषून घेतात, इंग्लिश शास्त्रज्ञ डेव्हीने १८१५ मध्ये खाणीच्या दिव्याला जाळी लावली ती याच तत्त्वावर. पण त्या २ मिमी वर भरवसा ठेवून मोठी फट ठेवायची नाही, एक मिमीच्या आतच ठेवा.

टाकीला श्वास घ्यायला वेगळं बारीक भोक पाहिजे. ते नसेल तर तेल जळतं तसा आत निर्वात तयार होऊन वात उपाशी राहते, आणि टाकी तापली तर उलट आतला दाब तेल वातीतून वर लोटतो. भोक १ मिमीचं, भरण्याच्या टोपणात, ज्योतीपासून लांबच्या कडेला.

जोड ब्रेझ करा. साधं शिशाचं सोल्डर १८३ अंशाला वितळतं, बर्नरच्या डोक्याजवळ ते तापमान सहज येतं आणि जोड एकदम सुटतो, हळूहळू नाही. गॅस्केटला नायट्राइल किंवा व्हिटॉन (तेलात टिकणारी कृत्रिम रबरं) घ्या, साधं रबर रॉकेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं.

गळती तपासायला खडू पाण्यात कालवून सगळ्या सांध्यांवर बाहेरून लावा, वाळू द्या, मग आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. सकाळी पांढऱ्यावर ओला पिवळट डाग असेल तिथे सूक्ष्म भोक आहे. पाण्याने तपासलं तर ते कळत नाही, पाणी जिथून जात नाही तिथून रॉकेल आरामात झिरपतं.

झटपट_जुगाड
बरं पेट्रोल नको, पटलं. पण १ किलोवॅट वातीवर होईल का? पंपवाला स्टोव्ह का नको, त्याची ज्योत निळी आणि जोरदार असते.

स्टोव्हवाली_मावशी
पंपाच्या स्टोव्हवर मी बरीच वर्षं काढली आहेत बाळा, म्हणून लिहिते. तो चांगला असतो, पण त्याला नीट ओळखावं लागतं. आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर पुरता तापवायचा, मगच हवा भरायची. घाई केली की निपलमधून (वाफ निघायच्या बारीक भोकातून) वाफेऐवजी कच्चं रॉकेल उडतं आणि हातभर पिवळा भडका होतो. तसं झालं तर पंप मारत बसायचं नाही, हवेचा स्क्रू सोडायचा आणि बाजूला व्हायचं. निपल चोंदलं म्हणून चालू असताना पिन मारायची असेल तर तोंड वर न्यायचं नाही. पंपातला वायसर सुकला किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेला की रॉकेल उलटं पंपात येतं, दांडा वर ढकलला जातो, तेव्हा तो स्टोव्ह त्या दिवशी बंदच ठेवायचा. हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतो. घरी बनवायला घेण्यासारखी गोष्ट ती नाही असं माझं मत.

भट्टीकर
मावशी अगदी बरोबर. त्यात टाकीत १ ते २ बारचा दाब असतो. कुणी करतच असेल तर दाबाची चाचणी पाण्याने करायची, हवेने कधीच नाही. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तर फक्त गळतं. हवा भरून तोच सांधा सुटला तर टाकीचे तुकडे उडतात.

वातीवर १ किलोवॅट नक्की होतो. सपाट वातीऐवजी गोल पोकळ वात घ्यायची, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून हवा. स्विस संशोधक आर्गांने १७८० च्या सुमाराला हेच केलं, वर काच ठेवून ओढ वाढवली. पण रॉकेल का निवडलं तेही बघा, ते इतकं पातळ आहे की १०-१५ सेंमी आरामात चढतं. खाद्यतेल खोलीच्या तापमानाला रॉकेलपेक्षा तीसेक पट चिकट, ते इतकं चढत नाही, म्हणून तेलाच्या दिव्यात पातळी ज्योतीच्या जवळ ठेवावी लागते. वातीचा वरचा भाग काचतंतूचा आणि खालचा सुती असा जोड हीटरमध्ये वापरतात, काचतंतू जळत नाही पण त्यावर डांबरासारखा थर धरतो, तो अधूनमधून जाळून काढावा लागतो.

आता तुमच्या मूळ कल्पनेवर येतो. दिवा आणि हीटर एकाच बर्नरवर हे दिसतं तितकं सोपं नाही. उजेडाला पिवळी ज्योत लागते, कारण उजेड देतात ते तापलेले काजळीचे कणच. उबेला निळी ज्योत बरी, ती काजळी करत नाही. एक ज्योत दोन्ही करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. यातून वाट एकच, निळी ज्योत ठेवायची आणि तिच्यावर मँटल, म्हणजे तापली की पांढरी झळकणारी जाळीची टोपी, लावायचं. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ औअरने १८८५ मध्ये मँटल आणलं तेच. जुन्या मँटलमध्ये थोरियम असायचं आणि ते किरणोत्सारी आहे, आता इट्रियमचं मिळतं, तेच घ्या.

मात्र गोल वात आणि मँटलच्या दिव्यात एक धोका ठरलेला आहे. पेटवल्यावर सगळं डोकं तापेपर्यंत ज्योत हळूहळू चढत राहते. पाच मिनिटांपूर्वी छान वाटलेली वात पंधराव्या मिनिटाला मँटल काळं करते, आणि मग काचेच्या वर पिवळी जीभ निघते. पहिला अर्धा तास समोरून उठायचं नाही, आणि सुरुवातीला वात हवी त्यापेक्षा बारीकच ठेवायची.

चिमणी_कंदील
मँटलचं लक्षात आलं, छान वाटतंय. टाकी किती तापली ते कसं मोजू? आयआर गन (लांबून तापमान दाखवणारी) आहे माझ्याकडे.

पितळी
आयआर गन चकचकीत पितळेवर चुकीचं दाखवते, खऱ्यापेक्षा बरंच कमी. टाकीच्या वरच्या कडेला काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या किंवा काळी टेप चिकटवा, त्यावर मारा. त्याहून चांगलं म्हणजे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टोपणातून आत तेलात सोडायचा. पहिली चाचणी उघड्यावर, जमीन फरशीची, वारा नको, शेजारी घट्ट बसेल असं धातूचं झाकण आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक. दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. तासाभरात वक्र सपाट व्हायला हवा. आकडा चढतच राहिला तर वक्र कुठे जाईल याची वाट बघायची नाही, वात उतरवायची.

भट्टीकर
आणि नुसता आकडा बघू नका, खोलीपेक्षा किती वर गेला ते बघा. समजा १० अंश वर जातोय. थंडीत ठीक, पण तोच दिवा ३२ अंशांच्या खोलीत लावला की तेल ४२ ला, आणि तुमच्या रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३८ असू शकतो. म्हणून तुम्ही लॅम्प ऑइलवर या, तिथे भरपूर मोकळीक मिळते.

रसायनी
हीटरचा भाग अजून कुणी काढला नाही म्हणून लिहिते. धुराडं नसलेला १ किलोवॅटचा बर्नर तासाला निदान एक घनमीटर हवा खातो, प्रत्यक्षात त्याच्या दीड-दोनपट. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं, वर्कशॉपमधल्या अवजारांना गंज चढणार तो त्यामुळे. पण खरी काळजी कार्बन मोनॉक्साइडची (सीओ). त्याला वास नाही, वजन हवेएवढंच, त्यामुळे खाली किंवा वर साठतो हे खरं नाही, सगळीकडे पसरतो. निळी ज्योत म्हणजे सीओ नाही असंही नाही. निळ्या ज्योतीवर गार भांडं किंवा गार जाळी टेकवली की ज्योत अर्धवट विझते आणि सीओ निघतो. तुमचा जाळीचा घुमट ज्योतीच्या टोकाच्या वर राहू दे, आत घुसू देऊ नका.

सीओ अलार्म घ्याच. युरोपच्या ईएन ५०२९१ मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तासा-दीड तासात वाजतो आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. दोन वेगवेगळ्या बाजूंना खिडकी किंचित उघडी ठेवायची, आणि झोपायच्या खोलीत हे कधीच नाही. डोकं जड होऊन मळमळलं तर दिवा विझवत बसू नका, आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

स्टोव्हवाली_मावशी
आणि लवंडला तर? घरात मूल असतं, मांजर असतं.

पितळी
बरोबर विचारलंत मावशी. पाया रुंद आणि वजन खाली, हे पहिलं. दुसरं, हीटरमध्ये असतं तसं लंबक-वजन लावता येतं. धक्का लागला किंवा कलला की वजन हलून खिट्टी सुटते आणि स्प्रिंग वात खाली खेचते. वात नळीत खाली गेली की ज्योतीला तेल मिळत नाही आणि ती विझते, फुंकर मारायची गरज नाही. बनवायला अवघड नाही पण स्प्रिंग बर्नरच्या डोक्यापासून लांब ठेवा, तापली की तिचा ताण जातो. खिट्टी हाताने सोडली तरी चालली पाहिजे, म्हणजे रोज विझवताना तीच वापरायची, म्हणजे ती अडकली असेल तर त्याच दिवशी कळेल.

चिमणी_कंदील
सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेलं स्केच असं : एक लिटरची टाकी, उलटी बाटली काढली. स्टेनलेसची मान, मध्ये ५ सेंमी हवा आणि अधांतरी पत्रा. गोल वात, मँटल, लॅम्प ऑइल. टोपण बाजूला, त्यात १ मिमी भोक. खिट्टीने उतरणारी वात. भरायचं फक्त गार असताना, बाहेर, नरसाळ्याने. एकच शंका, मान वातीपेक्षा दोन-तीन मिमी मोठी ठेवून मध्ये पातळ नळीचा दुसरा थर घातला तर चालेल ना, की हवेची फट म्हणून तिथेही उष्णता अडेल?

भट्टीकर
उष्णता अडेल, पण ती फट वरून उघडी ठेवू नका. वरचं तोंड पूर्ण ब्रेझ करून बंद, खालचं टाकीच्या बाहेर उघडं. वरून उघडी राहिली की सांडलेलं तेल त्यात साठतं आणि गरम डोक्याला चिकटून जळत राहतं. खालून उघडी असल्याने बंद पोकळीत अडकलेली हवा तापून सांधा फुटण्याची भीतीही जाते. स्केच टाका परत, मापांसकट, मी आणि पितळी बघतो. आणि पहिल्यांदा पेटवाल त्याआधी खडूची चाचणी झालेली असू द्या.